हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालतात
आणि ऐरोलीच्या बँकेत
आपण जिवंत असल्याचं सांगायला जातात.
मी मागे, फाइल घेऊन.
रांगेत एक नेव्हीतले आचारी, दोन वीरपत्नी,
वॉकरवर टेकलेले एक हवालदार.
बाबा प्रत्येकाची तब्येत विचारतात,
ही त्यांची जुनी ड्यूटी.

मशीन अंगठा मागतं.
अंगठा उमटत नाही.
पुसून पुन्हा. मग डावा.
"आजोबा, जोरात दाबा ना," काउंटरवरची मुलगी.
बावीस वर्षं ही बोटं
तूप आणि आग यांच्या मधे होती,
तिला कोण सांगणार.

फौजेत भटजी? तिथे काय काम?
आमच्या मजल्यावरचे अजून विचारतात.
रविवारी मंदिर परेड, बाबा म्हणतात,
बाकीचे दिवस पडेल ते.
पत्रं लिहून देणं. कुणाची बाटली लपवणं.
ग्रंथी रजेवर गेले की
देवनागरीत उतरवून घेतलेली अरदास म्हणणं,
चुकलं तर शीख जवान हळूच सुधारायचे.
एका पत्र्याखाली सगळ्यांचे देव
आणि शेकायला स्टोव्ह एकच.

आम्ही इकडे. सिडकोच्या दीड खोलीत
आईच गणपती बसवायची, पोथी उघडी ठेवून.
धर्मगुरूच्या घरी बाहेरचा गुरुजी कशाला, म्हणायची;
मंत्र अडला की सरळ मराठीत बोलायची देवाशी.
निनादची मुंज बाबांच्या रजेसाठी दोनदा पुढे गेली,
तिसऱ्यांदा मामांनी लावून टाकली.
निनाद आता घणसोलीला राहतो.
रिक्षाने पंधरा मिनिटं.
दिवाळीला येतो.

निवृत्त झाल्यावर सोसायटीने
सत्यनारायण सांगायला बोलावलं.
"कथा सांगणं सोडलंय," बाबा म्हणाले.
अध्यक्षांना राग आला.
मला कारण गेल्या वर्षी कळलं.

चंदगडहून झोरेंचा मुलगा आला,
काजूची पिशवी आणि लग्नाची पत्रिका घेऊन.
बाबांनी त्याच्या आईला लिहिलेलं पत्र
प्लास्टिकमधून काढलं, घड्यांवर फाटलेलं.
'शेवटी त्याने तुमचं आणि बाळाचं नाव घेतलं.'
मुलगा म्हणाला,
"तेव्हा माझं बारसं व्हायचं होतं.
कुठलं नाव घेतलं?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
खिडकीतून खाडीचा चिखलाचा वास येत होता.
"मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता, बाळा.
सहा दिवस हेलिकॉप्टर उतरेना.
लाकूड कुठलं? दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या फोडल्या,
रॉकेल ओतलं.
मंत्र पुरे म्हटले, ओठ फुटले तरी.
नाव मी घातलं.
माझी अशी एकेचाळीस पत्रं आहेत."

आईच्या हातात चहाचा ट्रे, ती दारातच.
मुलगा पत्राकडे बघत राहिला, बराच वेळ.
"आईला नका सांगू," म्हणाला, "ती अजून वाचते."
मग घडीवर घडी घातली, पाया पडला,
आणि पत्रिका उघडून दाखवली:
आशीर्वादाच्या ओळीत बाबांचं नाव,
हुद्द्यासकट छापलेलं.
काजू कुणीच फोडले नाहीत, महिनाभर.

आता ती मुलगी दुसरं यंत्र आणते.
"डोळा इथे लावा. मिटू नका हं."
बाबा मिटत नाहीत.
पाणी येतं, तरी नाही.
टिक होते, कागद सरकतो बाहेर.
बाबा तो दोन्ही बाजूंनी वाचतात,
मागची कोरी आहे तरी.
"हे तुम्ही मी सांगितलं म्हणून लिहिता,
की पाहिलं म्हणून?"
"पुढचे या," ती म्हणते.

बाहेर रिक्षा थांबवून मी घरचा सेक्टर सांगते.
"घणसोली," बाबा म्हणतात.
"आणि त्याला फोन नको करूस आधी."